यमुनाकाकूंच्या घरची पाहुणी

परवा मोबाइलवर कुणीतरी एक लेख पाठवला. सणासुदीला पाहुणे येणार असतील तर घर कसं सजवावं, याच्या युक्त्या. हॉलमध्ये सुगंधी मेणबत्त्या लावा, उशांचे रंग पडद्यांशी जुळवा, येणाऱ्याला हे घर आपलंच वाटलं पाहिजे, वगैरे. वाचता वाचता मी मोठ्यांदा हसले. पाहुण्यांसाठी घर तयार करायला मी जिच्या हाताखाली शिकले, त्या बाईला हा लेख वाचून दाखवला असता तर तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं असतं आणि विचारलं असतं, "ते समदं खरं. पन जिरवायची कुनाची, ते लिवलंय का?"

ही बाई म्हणजे आमच्या चिखलीच्या घरमालकीण, यमुनाकाकू. काकू आता नाहीत. पण जत्रेचे दिवस आले की मला अजून त्यांचा आवाज ऐकू येतो आणि माझा हात आपोआप फडक्याकडे जातो.

आम्ही लातूरकडचे. लग्न झाल्यावर नवऱ्याला चाकणच्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून इकडे आलो आणि काकूंच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. खाली काकू आणि त्यांचे यजमान तात्या राहायचे. समोर सामाईक अंगण, आणि अंगणाच्या पलीकडे अगदी तशीच दुसरी इमारत. ती तात्यांच्या थोरल्या भावाची. तिथे काकूंची थोरली जाऊ, शालनबाई, राहायच्या. पूर्वी या सगळ्या जागेत ज्वारी व्हायची म्हणे. मी आले तेव्हा चारी बाजूंनी पत्र्याच्या शेड होत्या, त्यांत लेथ आणि ग्राइंडर चालायचे, आणि लोखंडाची काळी भुकटी उडून आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर आणि देव्हाऱ्यातल्या देवांवरसुद्धा बसायची.

काकू ठेंगण्या, काळ्यासावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. सकाळी मिसरी लावायला बसल्या की तोंड बंद, पण बोटाने सगळ्या घराला कामाला लावायच्या. या बोटाची नवरा, लेक, भाडेकरू सगळ्यांना धास्ती. हेच बोट खिडकीच्या कडेवरून फिरायचं आणि मग आपल्या नाकासमोर धरलं जायचं.

चैत्रात गावची जत्रा. पहिल्या दिवशी देवाला पुरणपोळीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी तिखटाचं जेवण, म्हणजे मटण आणि भाकरी. त्या दिवशी घरोघरी जे पाहुणे येतात त्यांना सीमा नसते. होळीची राख थंड झाली की काकू घर काढायच्या. काढायच्या म्हणजे खरोखर काढायच्या. भांडी, गाद्या, ट्रंका, फोटो, सगळं अंगणात. भिंतींना रंग. गोधड्या पूर्वी नदीवर न्यायचे, आता नदीची अवस्था बघवत नाही, म्हणून टाकीपाशी मोठ्या घमेल्यांत घालून काकू स्वतः त्यावर नाचायच्या. मी शिवणकाम करते हे कळल्यावर अभ्रे, पडदे, सोफ्याची कव्हरं माझ्याकडे आली. शेजारच्या शेडवाल्याला त्यांनी दम भरला होता, "जत्रा हुस्तवर ग्राइंडर लावलास तर तुझ्या शेडीम्होरं बसून राहीन." तो बिचारा बिहारचा. बाई बसून राहिल्यावर नक्की काय होईल ते त्याला कळलं नाही, पण त्याने ग्राइंडर लावला नाही.

पहिल्या वर्षी मी खिडक्या पुसल्या आणि म्हटलं, "काकू, बघा, चकचकीत झाल्या." काकूंनी बोट फिरवलं. "पाव्हण्याच्या डोळ्यानं पुसल्यास तू. पाव्हणं काय, माया करून बघत्यात. बाईच्या डोळ्यानं बघ."

बाई म्हणजे शालनबाई. थोरल्या जावेला त्या बाई म्हणायच्या, तुम्ही म्हणायच्या, वाकून नमस्कारही करायच्या. मान द्यायला त्या कधी चुकल्या नाहीत. आणि ते पाहिलं की मला थोडी भीतीच वाटायची.

घर तयार झालं की तात्यांना पाहुणा व्हावं लागे. तात्या कंपनीतून रिटायर झालेले, अत्यंत गरीब माणूस. काकू त्यांना टोपी घालायला लावून, हातात पिशवी देऊन रस्त्यापर्यंत पिटाळायच्या. तिथून त्यांनी पाहुण्यासारखं यायचं, चपला काढायच्या, बसायचं आणि काय काय दिसलं ते सांगायचं.

"पंखा दिसला," तात्या म्हणायचे.

"आजून?"

"घड्याळ."

"पंख्यावरची जाळी न्हाई दिसली? बाईंना दारातनं दिसंल ती. व्हा परत भाईर."

तात्या परत बाहेर. एकदा तर ते पाहुणे होऊन गेले ते चहाच्या टपरीवरच बसून राहिले. तिथले लोक विचारायला लागले, तात्या, गावाला निघालात का? तर म्हणाले, "न्हाई राव, घरी निघालोय. पन आजून घेईनात."

मला वाटायचं, जावाजावांची चुरस असेल, कुठल्या घरात नसते. मग एका दुपारी उशांत कापूस भरता भरता काकूंनी मला सगळं सांगितलं.

त्या घराण्यात रीत अशी होती की पाहुणा कुणाकडेही आलेला असो, त्याने आधी थोरल्याच्या घरी टेकायचं, पाणी प्यायचं, आणि मग धाकट्याकडे जायचं. काकूंची लेक उज्ज्वला लग्नाची झाली तेव्हा चाकणच्या पुढचं एक स्थळ तिला बघायला आलं. चांगलं घर, मुलगा निर्व्यसनी. काकू आत पोहे करत होत्या. पाहुणे आल्याचं कळलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "आदी बाईंच्याकडं पानी पिऊ द्या, मंग हिकडं आना." शालनबाईंनी पाहुण्यांना बसवलं आणि पाण्याचा ट्रे देऊन आपली लेक पुढे पाठवली. नवी साडी नेसवून, डोक्यावर पदर देऊन. आडनाव एक, अंगण एक; पाहुण्यांना वाटलं, बघायची मुलगी ती हीच. त्यांनी शिक्षण विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं. मुलाच्या आईने तिथेच तिला कुंकू लावलं आणि हातावर नारळ ठेवला. आणि शालनबाई एक शब्द बोलल्या नाहीत.

"पोहे तयार झालं तवा तिकडं नारळ दिऊन झाला हुता," काकू म्हणाल्या. "मी ताटली घिऊन अंगनात हुबी. आन् बाई मला म्हनत्यात, अगं यमुने, देवानंच जुळवलं, आता आपुन काय करनार?"

कुंकू लावलेलं पुसता येत नाही. चारचौघांत वाच्यता केली तर उज्ज्वलाचं नाव निघणार. काकू गप्प बसल्या. जावेच्या लेकीच्या मांडवात त्यांनी अक्षता टाकल्या, विहिणीची ओटी भरायला मदत केली.

उज्ज्वला पुढे पिंपळे गुरवला दिली. तिचा नवरा चांगला आहे, ती स्वतः नोकरी करते, दोन गोड मुलं आहेत. ती माहेरी आली की आईची ही धुणीपुसणी बघून कपाळाला हात लावायची. एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "आई, सोड ना गं आता. मला तर तो मुलगा फोटोतसुद्धा आवडला नव्हता."

काकू म्हणाल्या, "तुला नगं हुता ते तुझं तू बग. माझ्या दारातनं नेला ते मी बगते."

त्यांना हवं होतं ते एवढंच. ज्या विहिणीने नारळ ठेवला, तिच्या तोंडावर शालनबाईंनी एकदा म्हणायचं, की व्हय, मला ठाव हुतं आणि मी पोरगी मुद्दाम पुढं केली. तेवढ्यासाठी ही बाई दर वर्षी गोधड्या तुडवत होती. दर जत्रेला ते व्याही यायचे, रीतीप्रमाणे शालनबाईंकडे पाणी प्यायचे, तिथेच जेवायचे, आणि जाता जाता काकूंच्या दारात उभ्या उभ्या रामराम करायचे. काकूंचं ते सजवलेलं घर, ते नवे अभ्रे, तो रंग, त्यांनी कधी आत येऊन बघितलाच नव्हता. काकू दारात उभ्या राहून हसत म्हणायच्या, "या की आत." ते म्हणायचे, "पुढल्या वर्षी." आणि काकू पुढल्या वर्षीच्या तयारीला लागायच्या. वाट बघायचा असला दम मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

शालनबाई उंच, गोऱ्या, बोलायला साखर. त्यांनी कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. मला पडदा शिवायला द्यायच्या तेव्हा हळूच विचारायच्या, "आमच्या धाकटीनं कुठलं कापड घेतलंय गं?" मी म्हणायचे, लक्षात नाही. मी काकूंची माणूस होते आणि त्यांना ते कळत होतं.

मग ते वर्ष आलं. शालनबाईंच्या मुलांनी ठरवलं, घरात कशाला खटाटोप, हायवेला एक लॉन घेऊ, केटरर लावू, एकदम शाही जेवण. लॉनचं लोकेशन सगळ्या पाहुण्यांना मोबाइलवर गेलं. शालनबाई जत्रेच्या दिवशी सकाळीच पैठणी नेसून, घराला कुलूप लावून लॉनवर गेल्या.

काकूंनी ते कुलूप बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी जिन्यातच थांबले. "सविता," त्या म्हणाल्या, "खुर्च्या काढ समद्या." आम्ही अंगणात खुर्च्या मांडायला लागलो. मी घराकडे तोंड करून मांडत होते. काकूंनी एकेक खुर्ची उचलली आणि फिरवली. सगळ्यांची तोंडं शालनबाईंच्या कुलपाकडे. मग दारात नवे माठ ठेवले, त्यांत वाळा टाकला आणि तांबे घासून ओळीने मांडले.

मुलांनी लोकेशन पाठवलं होतं, पण म्हातारी माणसं लोकेशनवर चालत नाहीत. ती रीतीवर चालतात. वर्षानुवर्षं ज्या अंगणात पाणी प्यायलं त्याच अंगणात एकेक गाडी येऊन थांबायला लागली. व्याही उतरले, कुलूप बघितलं, गोंधळले. त्यांचा नातू म्हणाला, "आजोबा, जेवण लॉनवर आहे." तर म्हातारा त्याच्यावरच खेकसला, "पानी पिल्याबिगर थेट ताटावर बसाया आपुन काय खानावळीत आलोय व्हय?"

"बसा की," काकू म्हणाल्या. "बाई लॉनवर असतील. त्यांच्या मागं लई व्याप. बसा तुमी."

शालनबाईंबद्दल वाईट असा एक शब्द त्या दिवशी काकूंच्या तोंडातून निघाला नाही. पाहुणे बसले आणि कुलपाकडे बघत पाणी प्यायले. मग विहीणबाई पहिल्यांदा काकूंच्या घरात गेल्या. मी मागे होते. त्यांनी भिंती बघितल्या, भरतकामाचे अभ्रे बघितले, लख्ख घासलेली पितळेची उतरंड बघितली, आणि सोफ्यावर टेकताना कव्हरावरून नकळत हात फिरवला. म्हणाल्या, "एवढ्या वर्सांत आमी हितं आलोच न्हाई की." काकू म्हणाल्या, "तुमी येनार हुता की एकदा. माझं पोहे तयार हुतं." विहीणबाईंनी चटकन वर पाहिलं. त्यांना किती कळलं देव जाणे, पण तोवर बाहेर ताटं वाढून झाली होती.

शालनबाई आल्या त्या लेकाच्या गाडीतून, धापा टाकत. अंगणात पंगत बसलेली. त्यांचे व्याही, त्यांची माहेरची माणसं, सगळी काकूंच्या रश्श्यात भाकरी कुस्करत होती. "अहो, जेवणं तिकडं आहेत!" लेक ओरडला. पण वाढलेल्या ताटावरून कोण उठणार? म्हातारा व्याही मान वर न करता म्हणाला, "हितं चांगलं हाय."

शालनबाई हुशार बाई. त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं आणि सरळ मागच्या चुलींकडे गेल्या. तिथे भावकीतल्या बायका भाकरी थापत होत्या. आमच्याकडे आहे तशीच इथेही पद्धत आहे, जत्रेला भावकीतली बाई जेवायला बसत नाही, बाह्या सारून भाकरीला बसते. पैठणीचा पदर खोचून शालनबाई परातीपाशी बसल्या. एकदा त्यांचा हात त्या पिठात पडला असता तर ते जेवण दोन्ही घरांचं झालं असतं, आणि थोरली आपल्या हाताने व्याह्यांना वाढत फिरली असती.

काकूंनी त्यांचं मनगट धरलं. अगदी हळू धरलं, बांगडीलासुद्धा धक्का लागला नाही. "अवं, हे काय? पाव्हण्यानं पिठात हात घालू नये."

चुलीपाशीच्या सगळ्या बायका थांबल्या. शालनबाई हसून म्हणाल्या, "अगं यमुने, मी काय पाव्हणी हाय का?"

"चला, बसा तिकडं. खुर्ची दिऊ का पाट?"

काकूंनी त्यांना दंडाला धरून विहिणीच्या शेजारी नेऊन बसवलं. ताट वाढलं. उदबत्ती लावली. "सावकाश होऊ द्या, लाजू नगा," म्हणाल्या. मी बाहेरून आलेली, तरी मला त्यातलं विष कळलं. घरच्या माणसाला शिवी द्यावी, भांडावं, वर्षभर बोलू नये, यात घरपण शिल्लक राहतं. त्याला पाहुणा करून टाकलं की मागे काही उरत नाही. शालनबाई भाकरीचा तुकडा नुसता मोडत होत्या आणि काकू शेजारी उभ्या राहून त्यांना आग्रह करत होत्या.

त्यानंतर दर जत्रेला हेच. लॉनची हौस एका वर्षात फिटली, पण अंगणात बसलेले पाहुणे उठले नाहीत. शालनबाईंनी पुन्हा घरी मांडव घालून बघितला. व्याही तिकडे पाणी प्यायचे आणि जेवायला इकडे यायचे. पुढे शालनबाईंचे यजमान गेले, मुलं वाकडला फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि आईलाही घेऊन गेली. समोरची इमारत भाड्याने दिली, खालच्या मजल्यावर प्लास्टिकच्या क्रेटांचं गोडाउन झालं. जत्रेला शालनबाई रिक्षा करून यायच्या. काकू त्यांना दारात सामोऱ्या जायच्या, पायांवर पाणी घालायच्या, सगळ्यात मऊ उशी त्यांच्या पाठीला द्यायच्या. आणि चुलीकडे फिरकू द्यायच्या नाहीत. एकदा त्या नुसता लसूण सोलायला बसल्या, तर काकूंनी ताटली उचलून भाडेकरणीच्या पुढ्यात ठेवली. भाडेकरीण म्हणजे मी.

मी एकदा विचारलं, "काकू, अजून किती? आता तर त्यांचं घरही राहिलं नाही."

"माझ्याकडं घर हाय की," काकू म्हणाल्या. "म्हनून तर बोलावते." आणि वर म्हणाल्या, "आजून बोलल्या न्हाईत त्या."

आमचा मोशीचा फ्लॅट झाला त्या वर्षीची जत्रा ही माझी तिथली शेवटची. शालनबाई आल्या त्या वाळून गेलेल्या, हातात काठी. पाहुण्यांची पंगत बसायची होती, चुलींवर तवे तापले होते. विहीणबाई सावलीला पाटावर बसलेल्या. शालनबाईंना काकूंनी त्यांच्या शेजारी बसवलं होतं, पण त्या उठल्या आणि काठी टेकत टेकत चुलींपाशी आल्या. परातीपाशी खाली बसता येईना म्हणून तशाच वाकून उभ्या राहिल्या.

"यमुने," त्या म्हणाल्या, "एक भाकरी थापू दे. घर एकच हुतं तवा सून म्हनून आले, आन् पयली भाकरी याच परातीत थापली."

काकू भाकरी थापत राहिल्या.

शालनबाईंनी मागे वळून विहिणीकडे बघितलं. आणि मग, ज्या बाईचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "व्हय. मला ठाव हुतं. ते हिच्या उजीला बघाया आलं हुतं. माझी पोरगी मी मुद्दाम पुढं केली. विहीणबाई, तुमाला फसवलं मी. आन् हिला लुटलं."

तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी कुणी उलटली नाही. विहीणबाई तोंडाला पदर लावून बसल्या. उज्ज्वला दारातून पुढे आली आणि थांबली. माझ्या मनात आलं, आता काकू उठतील, परात सरकवतील, दोघी जावा गळ्यात पडून रडतील. खोटं कशाला बोलू, मला ते नको होतं. एवढी वर्षं मी त्या घराच्या खिडक्या पुसल्या होत्या, त्या काही गळ्यात पडण्यासाठी पुसल्या नव्हत्या.

काकूंनी हाताचं पीठ झाडलं. तव्यावरची करपलेली भाकरी काढून बाजूला ठेवली, टोपलीतली एक गरम, टम्म फुगलेली भाकरी निवडली आणि ताटात घातली. उठल्या, शालनबाईंचा दंड धरला आणि त्यांना परत पाटापाशी नेऊन, काठी हातातून घेऊन, खाली बसवलं. ताट पुढ्यात ठेवलं.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "आता जेवा. गरम हाय तवर जेवा."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सविता, पाव्हण्यांना रस्सा वाढ."

मी पातेलं उचललं. त्या घराची थोरली सून पाटावर मान खाली घालून बसली होती, आणि मी, लातूरहून आलेली भाडेकरीण, घरच्या बाईसारखी तिच्यापुढे वाकून विचारत होते, "अजून घालू का?"